विचारा बिनधास्त: गॅरेजमधली काडतुसं आणि रांगेतले ब्लॅकवाले

दोन अंकांपूर्वी एका वाचकाने विचारलं होतं की अमेरिकेत दुकानातली काडतुसं मधेच गायब कशी होतात आणि मग तीच काडतुसं दुप्पट-तिप्पट भावाने विकणारे कोण असतात. मी चार ओळी खरडल्या, वाटलं विषय संपला. कसला संपतोय, टेक्सासपासून सांगली-कणकवलीपर्यंत पत्रं आली. त्यामुळे यावेळी घरकर्ज, ग्रीन कार्डची लाइन, मुलांची मराठी शाळा सगळं बाजूला, हा पूर्ण कॉलम याच विषयाला. पत्रं लांबलचक होती, कापली आहेत, रागावू नका.

प्रश्न : दादा, २०२१ च्या जानेवारीत आमच्या ह्यांनी ९ एमएमची, म्हणजे पिस्तुलाची, १२,००० काडतुसं घेतली, ७० सेंटला एक. म्हणे दोन महिन्यांत डॉलरच्या वर जाईल, मग विकून टाकू. भाव थोडा चढला पण हे आणखी चढायची वाट बघत बसले आणि मग उतरला तो उतरलाच. आता सगळा माल गॅरेजमध्ये आहे आणि त्याच शेल्फवर सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्या मांडल्यात. आमचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. स्फोट होईल का? विकणं कायदेशीर आहे का? आणि मुळात विकावं का, कारण हे म्हणतात पुढच्या इलेक्शनला परत भाव येणार. आम्ही दोघं सिटिझन आहोत. (फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर : आधी स्फोटाचं बघू, कारण झोप त्याने उडालीये. नाही होणार. टेक्सासचं गॅरेज कितीही तापलं तरी पन्नास-पंचावन्न अंशाच्या पुढे जात नाही आणि काडतुसातली पावडर स्वतःहून पेटायला दीडशे अंशाच्या वर जावं लागतं. समजा घराला आग लागली तरी ती बंदुकीच्या नळीत नसल्यामुळे गोळी नेम धरून सुटत नाही, पितळेची केस फाटते, फटाफट आवाज येतात, तुकडे उडतात. ते अंगावर घ्यायचं नाहीच पण सिनेमात दाखवतात तसं घर उडत नाही. खरा प्रॉब्लेम वेगळा आहे. वर्षानुवर्षं उन्हात शिजत राहिली की पावडर हळूहळू खराब होते आणि दमटपणा असेल तर पितळ काळं-हिरवं पडतं. म्हणून घरातल्या थंड कपाटात हलवा, खालच्या कप्प्यात. खालच्या म्हणतोय कारण एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं असतं, म्हणजे तुमच्याकडे जवळजवळ १४५ किलो वजन आहे, आयकियाच्या शेल्फवर हे असलं काही ठेवू नका. आणि लोणचं आजच्या आज तिथून उचला, जिथे शिसं तिथे खायची वस्तू नको, सासूबाईंना कारण सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कायद्याचं म्हणाल तर फेडरल कायद्यात काडतुसं विकायला लायसन लागत नाही. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये विक्रेत्यांवर बंधनं होती, दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागायची, १९८६ च्या कायद्याने ती बरीचशी काढली. टेक्सासने स्वतःचं वेगळं काही घातलेलं नाही. पण काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. १८ च्या खालच्या पोराला पिस्तुलाची काडतुसं द्यायची नाहीत, ज्याला कायद्याने बंदी आहे हे माहीत आहे किंवा तसा संशय यायला जागा आहे त्याला द्यायची नाहीत, आणि पोस्टाने पाठवायची नाहीतच, यूएसपीएसमध्ये काडतूस चालतच नाही. जवळच्या शूटिंग क्लबच्या बोर्डावर चिठ्ठी लावा, समोरासमोर द्या, आयडी बघून द्या. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, न्यू जर्सीवाला कोणी मेसेज करून "पाठवता का" म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं, त्या राज्यांचे नियम वेगळे आहेत.

आता विकावं का. ह्यांनी ८,४०० डॉलर घातले. आजच्या घडीला नवीन ९ एमएम दुकानात वीस-पंचवीस सेंटला मिळतं, म्हणजे दुकानाच्या भावाने धरलं तरी तीन हजारांच्या आतबाहेर, आणि तुमच्याकडून घेणारा माणूस दुकानापेक्षा कमीच देणार, कारण तुमचा माल टेक्सासच्या गॅरेजमध्ये राहिलाय हे तो विचारणारच. ह्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नाहीये, २००८-०९ मध्ये ओबामा निवडून आल्यावर, आता बंदुकांचे कायदे कडक होणार या धास्तीने, काडतुसं गायब झाली होती, २०१२ च्या डिसेंबरनंतर झाली, २०२० मध्ये झाली, म्हणजे दर काही वर्षांनी होतं खरं. पण मधला काळ किती लांब असतो ते कोणी सांगू शकत नाही आणि परत वेळ आली की हे तेव्हाही विकणार नाहीत, आणखी चढायची वाट बघतील, हे मी पत्रावरून सांगतो. ह्यांना एकच विचारा, महिन्याला किती उडवता? शंभर म्हणाले तर हा दहा वर्षांचा साठा झाला. दोन वर्षांचं ठेवा, बाकीचं काढून टाका, आणि तो तोटा मनातल्या मनात लिहून मोकळे व्हा.

प्रश्न : मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रॉडक्शन बघतो. मागणी वाढली तर आम्ही तिसरी शिफ्ट लावतो, मशीन टाकतो. अमेरिकेसारख्या देशात दोन-दोन वर्षं काडतुसं मिळत नाहीत हे मला पटतच नाही. कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात का? (चाकण)

उत्तर : हा प्रश्न तिकडे प्रत्येक गन शोमध्ये, म्हणजे बंदुका-काडतुसं विकायच्या मेळाव्यात, ऐकू येतो, फक्त शिव्यांसकट.

मुद्दाम दाबत नाहीत. तिसरी शिफ्ट तर २०१३ मध्येही चालू होती आणि २०२० मध्येही. अडचण अशी आहे की हा धंदा मोजक्या ठिकाणी होतो. फेडरल नावाची कंपनी मिनेसोटात अ‍ॅनोकाला, सीसीआय आयडाहोत लुइस्टनला, विंचेस्टर इलिनॉय आणि मिसिसिपीत, रेमिंग्टन आर्कान्सात लोनोकला. त्यातली रेमिंग्टन २०२० च्या जुलैमध्ये, म्हणजे ऐन मागणीत, दिवाळखोरीत गेली. तुम्हाला वाटेल एवढी मागणी असताना कोण दिवाळखोर होतं, पण त्यांचं कर्ज जुनं होतं आणि काडतुसांचा कारखाना धड चालत नव्हता. शेवटी व्हिस्टा आउटडोअरने तो घेतला, ज्यांच्याकडे आधीच फेडरल आणि सीसीआय होते. म्हणजे चार नावांपैकी तीन एकाच मालकाची. २०२० च्या डिसेंबरात फेडरलच्या प्रमुखाने लोकांसाठी व्हिडिओ काढून सांगितलं की आमच्याकडे एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त ऑर्डरी पडून आहेत, आम्ही काही लपवत नाही, गोदामं रिकामी आहेत.

तुम्ही प्रॉडक्शनवाले आहात म्हणून थोडं आतलं सांगतो. पितळेची केस, शिशाची गोळी, पावडर हे वाढवता येतं. अडतं ते प्रायमरवर, म्हणजे मागे ती छोटी टिकली असते ना जिच्यावर पिन आपटते. त्यातलं लेड स्टिफनेट हे स्फोटक कोरडं झालं की जरा घासलं तरी फुटतं, म्हणून ओलं असतानाच हाताळतात आणि तिथे बसवायला कोणालाही रस्त्यावरून आणता येत नाही. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर करणारे हेच तीन-चार कारखाने. मग ते आपले प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांना लावतात आणि घरी काडतुसं भरणारे हौशी लोक, ज्यांना सुटे प्रायमर लागतात, ते कोरडे राहतात. तीन-चार सेंटची टिकली तेव्हा गन शोमध्ये कितीतरी पट भावाने जायची. आणि पॉइंट टू-टू चं (सरावाला वापरतात ते छोटं, स्वस्त काडतूस) तर आणखीनच, त्यात टिकली वेगळी नसतेच, मसाला केसच्या कडेला फिरवून बसवलेला असतो, ते घरी परत भरता येत नाही. त्यामुळे ते बाजारातून गेलं की गेलंच.

मग नवीन लाइन का नाही टाकत? कारण त्यांना अनुभव आहे. २०१२ च्या १४ डिसेंबरला कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, लगेच कायदा कडक होणार अशी चर्चा सुरू झाली आणि लोक दुकानांवर तुटून पडले. त्या एका महिन्यात एफबीआयकडे बॅकग्राउंड चेकच्या, म्हणजे बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायच्या, जवळपास २८ लाख चौकश्या आल्या, तोपर्यंतचा रेकॉर्ड. पुढच्या एप्रिलमध्ये सिनेटमध्ये तो कायदा पडला, तरी टू-टू ची टंचाई दोन-तीन वर्षं चालली. नंतर २०१६ ला ट्रम्प निवडून आले, भीती संपली, आणि सगळ्यांच्या गॅरेजमध्ये माल, दुकानात माल, घेणारा कोणी नाही, कंपन्यांना भाव पाडून सूट द्यावी लागली. हे बघितलेला कुठला मालक परत घाबरलेल्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर लाइन टाकेल? त्याला माहीत आहे की ही मागणी उडवण्याची नाहीये, साठवण्याची आहे, आणि साठवलेली मागणी पुढे त्यालाच परत खाते.

२०२० चा आकडा तर वेडच लावतो. वर्षभरात जवळजवळ ३ कोटी ९७ लाख चेक (एक चेक म्हणजे एक बंदूक असं नाही, पण अंदाज येतो). बंदूक उद्योगाच्या संघटनेचा, एनएसएसएफचा, अंदाज होता की त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. आता या प्रत्येकाने ५० चे फक्त दोन बॉक्स घेतले तर ८४ कोटी काडतुसं, आणि दोन बॉक्स म्हणजे काही साठेबाजी नव्हे, साधी नवशिक्याची खरेदी. म्हणजे प्रत्येक माणूस शहाण्यासारखा वागला तरी शेल्फ रिकामं होतं. मला स्वतःला हे जास्त खटकतं, कारण शिव्या कोणाला द्यायच्या तेच कळत नाही.

प्रश्न : पण मग ते सकाळी रांगेत उभे राहून सगळं उचलणारे आणि दुपारी पार्किंगमध्ये विकणारे, त्यांना तरी शिव्या द्यायच्या की नाही? माझ्या मुलीच्या रायफल टीमला तेव्हा प्रॅक्टिसपुरतंही मिळत नव्हतं. (कोलंबस, ओहायो)

उत्तर : द्या, पण दुकानदारालाही थोडा हिशोब विचारा.

२०१३ मध्ये वॉलमार्टने माणशी दिवसाला तीन बॉक्सची मर्यादा घातली. भाव मात्र जुनाच. बाहेर टू-टू चा ५०० चा डबा, ज्याला आपण ब्रिक म्हणतो, पूर्वी वीसेक डॉलरला मिळायचा तो गन शोमध्ये पन्नास-साठ-सत्तरला जात होता. आता आत वीस आणि बाहेर साठ असताना रांग लागणार नाही तर काय होणार. ट्रक कोणत्या दिवशी किती वाजता येतो, स्पोर्टिंग काउंटरचा पोरगा किती वाजता कुलूप उघडतो, हे सगळं रिटायर्ड मंडळींना पाठ झालं होतं. माणशी तीन म्हटल्यावर बायकोला आणायचे, मेव्हण्याला आणायचे. नऊच्या शिफ्टला जाणारा माणूस, शाळा सुटल्यावर येणारी तुमची मुलगी, यांच्या नशिबी रिकामं शेल्फ. आपल्याकडे थिएटरबाहेर तिकिटं ब्लॅक व्हायची तोच प्रकार, खिडकीवरचा भाव आणि बाहेरचा भाव यात जेवढं अंतर तेवढे ब्लॅकवाले.

दुकानदाराने भाव वाढवला तरी बोंब. ज्यांनी सँडी हूकनंतर लगेच भाव चढवले त्यांच्यावर गिऱ्हाइकं इतकी चिडली की कित्येकांनी त्या दुकानात परत पाऊल टाकलं नाही. म्हणून बहुतेकांनी नाव राखलं आणि नफा रांगेतल्या माणसाला देऊन टाकला. यातून मधला मार्ग काही क्लबांनी काढला तो मला पटतो: क्लबने एकगठ्ठा घ्यायचं, मेंबरला रेंजवर त्याच दिवशी उडवण्यापुरतंच द्यायचं, घरी न्यायचं नाही. ज्युनिअर टीमचं आधी बाजूला काढायचं. विकण्यासाठी घेणारा अशा ठिकाणी फिरकत नाही.

आणि २०२० मध्ये पिस्तुलाच्या काडतुसांसाठी वॉलमार्टच्या रांगेचाही प्रश्न उरला नव्हता. एल पासोच्या वॉलमार्टमधल्या गोळीबारानंतर २०१९ च्या सप्टेंबरमध्येच त्यांनी पिस्तुलाची काडतुसं विकणं बंद करायचं जाहीर केलं होतं. म्हणजे सगळ्यात स्वस्त शेल्फच गेलं, आणि काही महिन्यांत कोविड आला.

प्रश्न : मी एच-१बी वर्क व्हिसावर आहे. ऑफिसातला एक जण पेनसिल्व्हेनियात काडतुसं घेऊन ठेवतो आणि टंचाई झाली की ऑनलाइन विकतो. मला म्हणतो निम्मे पैसे घाल, निम्मा नफा तुझा, माल तुझ्या बेसमेंटमध्ये ठेवू. काय करू? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : मित्रा, नाही. आणि हे पत्र वाचल्यावर त्याला भेटून सांग, मेसेजवर लिहू नकोस.

फेडरल कायद्याचं कलम ९२२ आहे, त्यात नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच नाही तर काडतूससुद्धा जवळ बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ सगळे त्यात आले. ईएडी, म्हणजे वर्क परमिट, आलं म्हणून सुटका होत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की ही बंदी लागत नाही. एक मोठा अपवाद आहे, कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन असेल तर चालतं, आणि त्यामुळे आपली काही पोरं हरिण न मारता नुसतं लायसन काढून रेंजवर जातात. पण तो अपवाद तुझ्या बेसमेंटमध्ये धंद्याचा माल ठेवण्यासाठी आहे असं कोणाला पटवत बसू नकोस. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, २०२२ मध्ये वाढवली. त्याआधी युएईचा एक विद्यार्थी, कॉलेजमधून काढल्यामुळे व्हिसाचं स्टेटस गेलेला, फ्लोरिडात नुसता रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला आणि त्याच्यावर खटला झाला, केस २०१९ ला पार सुप्रीम कोर्टात गेली. तिथे निकाल त्याच्या बाजूने लागला, कारण आपलं स्टेटस गेलंय हे त्याला ठाऊक होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं असं कोर्ट म्हणालं. पण तोपर्यंत त्याचे हाल झालेच ना. आणि तू तर आता हे वाचलंस, तुला माहीत नव्हतं म्हणायची सोय पण गेली.

दुसरं, एच-१बी वर एम्प्लॉयर सोडून बाजूचा धंदा करता येत नाही. तिसरं, न्यू जर्सीत पिस्तुलाची काडतुसं घ्यायलाही फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं. तीन कारणं झाली, एक पुरेसं होतं. वकिलाला विचारायचं असेल तर जरूर विचार, पण पैसे घालायच्या आधी.

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये मी वडिलांसाठी रेमडेसिवीर शोधत सांगली-मिरज-कोल्हापूर पालथं घातलं. ते जास्त भावाने विकणाऱ्यांना इथे पोलिसांनी पकडलं, पेपरात फोटो आले. तुमच्या अमेरिकेत काडतुसांचा साठा करून तिप्पट भावाने विकणारा म्हणे हुशार. हा काय न्याय? (सांगली)

उत्तर : प्रश्न टोकाचा आहे आणि बरोबर आहे. वडील आता कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, ठीक असतील अशी आशा.

आपल्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या तिकडे नाहीत. एक एमआरपी, पाकिटावर छापल्यापेक्षा जास्त घेतलं की गुन्हा, मग संकट असो नसो. अमेरिकेत एमआरपी हा प्रकारच नाही, दुकानदार त्याला वाटेल तो भाव लावतो. दुसरी गोष्ट १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. सरकारला वाटलं की वस्तू त्या यादीत टाकते, २०२० च्या मार्चमध्ये मास्क आणि सॅनिटायझर असेच टाकले, थ्री-प्लाय मास्क १० रुपये आणि २०० मिलीची सॅनिटायझरची बाटली १०० रुपये असा भावच ठरवून दिला. भाव कागदावर होता, मेडिकलमध्ये माल नव्हता, हे वेगळं सांगायला नको. रेमडेसिवीरचंही तसंच, ११ एप्रिल २०२१ ला निर्यात बंद, १७ एप्रिलला कंपन्यांचे भाव उतरवले, काही ब्रँड ९०० रुपयांच्या आत आले, वाटप कलेक्टर ऑफिसकडे गेलं, आणि तरी बाहेर एकेक इंजेक्शन कित्येक हजार रुपयांना जात होतं. बारामतीत तर रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकणारी टोळी पकडली. ते वाचून माझं डोकं फिरलं होतं. आणि हे सगळं चाललं होतं त्याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, डब्ल्यूएचओने सांगितलेलं होतं की हॉस्पिटलमधल्या कोविड पेशंटला रेमडेसिवीर देऊ नका, फायद्याचा पुरावा नाही. पण डॉक्टरने चिठ्ठी लिहिल्यावर मुलगा डब्ल्यूएचओची शिफारस वाचत बसणार का?

अमेरिकेतही सगळं मोकळं आहे असं नाही. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली की बऱ्याच राज्यांत भाववाढीचे कायदे लागू होतात, कॅलिफोर्नियात आणि न्यू जर्सीत साधारण १० टक्क्यांच्या वर गेलात की अडचणीत. टेनेसीतल्या दोघा भावांनी मार्च २०२० मध्ये दुकानं फिरून सॅनिटायझरच्या १७,७०० बाटल्या गोळा केल्या, थोड्या ऑनलाइन चढ्या भावाने विकल्या, मग अ‍ॅमेझॉनने त्यांचा माल काढून टाकला, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने चौकशी लावली आणि शेवटी त्यांना त्या दान कराव्या लागल्या. म्हणजे सॅनिटायझर ब्लॅक केला तर तिकडेही तोंड लपवावं लागतं. काडतुसं मात्र त्या याद्यांमध्ये सहसा नसतात. अन्न, औषध, पेट्रोल, राहायची सोय, दुरुस्तीचं सामान असतं.

माझं मत विचाराल तर फरक कायद्यापेक्षा घेणाऱ्याच्या अडचणीत आहे. कोलंबसच्या त्या मुलीला प्रॅक्टिस महिनाभर पुढे ढकलता येते, तुम्हाला वडिलांचा श्वास महिनाभर पुढे ढकलता येत नव्हता. जो थांबू शकत नाही त्याच्याकडून तिप्पट घेणारा माणूस आणि जो थांबू शकतो त्याला तिप्पट भाव सांगणारा माणूस, मी दोघांना एका पारड्यात घालणार नाही. दुसऱ्याला मी लोभी म्हणेन. पहिल्याला पकडलं ते योग्य केलं.

प्रश्न : सरकारनेच गुपचूप सगळी काडतुसं विकत घेतली म्हणून टंचाई झाली असं माझे शेजारी छातीठोकपणे सांगतात. खरं काय? (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : २०१३ ची अफवा अजून जिवंत आहे, कमाल आहे. होमलँड सिक्युरिटी खात्याने १६० कोटी काडतुसं मागवली अशी बातमी होती. तो पाच वर्षांत जास्तीत जास्त किती घेऊ शकतो असा कंत्राटांचा आकडा होता, एवढी घेतलीच असं नव्हे. संसदेतल्या लोकांनी प्रश्न विचारले, जीएओ म्हणजे त्यांच्या कॅगने तपासणी केली आणि जानेवारी २०१४ च्या अहवालात लिहिलं की या खात्याची खरेदी २००९ पासून उलट कमी होत गेलीये. शेजाऱ्यांना सांगून उपयोग होईल असं मला वाटत नाही, पण त्यांची गंमत अशी की ही अफवा ऐकून जे दुकानात धावले त्यांनीच शेल्फ रिकामं केलं आणि मग रिकामं शेल्फ बघून अफवा खरी वाटली.

प्रश्न : गोऱ्यांना हसताय पण २०२३ मध्ये तांदळासाठी आपण काय केलं ते पण लिहा की! (सॅन होजे)

उत्तर : लिहितो ना. २० जुलै २०२३ ला भारताने बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या इंडियन ग्रोसरीबाहेर रांगा. लोक कार्टमध्ये सोना मसुरीच्या दहा-दहा गोण्या घालून नेत होते, दुकानांनी "कुटुंबाला एक गोणी" अशा पाट्या लावल्या, एका आठवड्यात कुठे कुठे भाव दुप्पट. जहाजं निघालेली होती, गोदामात महिन्यांचा माल होता, बासमतीला तर बंदी नव्हतीच. पण व्हॉट्सअ‍ॅपवर रांगेचा व्हिडिओ बघितला की माणूस गाडीची किल्ली शोधतो. गंमत म्हणजे ज्यांच्या घरी एरवी आंबेमोहोर किंवा कोलम शिजतो त्या मराठी मंडळींनीही सोना मसुरी उचलली, कारण सगळे उचलत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली. तोपर्यंत कित्येकांच्या तांदळात पोरकिडे झाले होते आणि ते गोण्या मंदिरात देऊन आले.

प्रश्न : आमच्याकडे शेती संरक्षणाची बारा बोअरची बंदूक आहे, परवाना वडिलांच्या नावावर. काडतुसं वेळेवर मिळत नाहीत आणि महाग पण झालीत. चुलत भाऊ डॅलसहून गणपतीला येतोय, तिकडे स्वस्त आहेत म्हणतो. बॅगेत दोन बॉक्स आणले तर चालतील ना? परवाना आहेच की. (कणकवली)

उत्तर : नाही चालणार, आणि भावाला आजच फोन करा. तुमच्या परवान्यावर एका वेळी किती काडतुसं ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची ते लिहिलेलं असतं, ती परवानाधारक डीलरकडूनच घ्यायची आणि त्याची नोंद व्हायला हवी. परदेशातून आणणं म्हणजे आयात, त्याला वेगळी परवानगी लागते. परवाना वडिलांचा, माल भावाच्या बॅगेत, म्हणजे भावाकडे काहीच कागद नाही. मुंबईला उतरल्यावर आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होईल, भाऊ अमेरिकन सिटिझन असला तरी, आणि गणपती पोलीस स्टेशनात जाईल. अमेरिकेतल्या एअरलाइन चेक-इन बॅगेत थोडी काडतुसं चालवून घेतात म्हणून तिकडे कोणी अडवणार नाही कदाचित, घोळ इकडे होतो.

दर काही महिन्यांनी पेपरात येतं बघा, "विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेत जिवंत काडतूस". त्यातले बरेचसे विसरून राहिलेले असतात, रेंजवर नेलेली बॅग तशीच प्रवासाला घेतली आणि अस्तरात एखादं अडकलेलं. पुढे हायकोर्टात जाऊन, जाणूनबुजून बाळगलं नव्हतं असं दाखवून गुन्हे रद्द झालेत, पण तोपर्यंत वकील, तारखा, फ्लाइट सगळं होतं. तेव्हा डॅलसवाल्याला सांगा रेंजची बॅग प्रवासाला अजिबात आणू नकोस, जॅकेटचे आणि जीन्सचे खिसे उलटे करून बघ. आणि तुमच्या काडतुसांसाठी तालुक्याच्या डीलरकडे नसतील तर कोल्हापूरच्या डीलरला फोन करून विचारा, परवाना तिथे चालतो का ते आधी परवान्यावरचं कार्यक्षेत्र बघून घ्या.